पुढे जाऊ का?

“सांगू नका, करून दाखवा.”

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला फुंकऱ्या हे एवढंच ऐकवायचा. माणूस कॉम्प्युटर पोटाशी धरून धापा टाकत आत यायचा आणि लगेच बोलायला लागायचा. काल चांगला होता, आज उघडत नाही, मी काहीसुद्धा केलं नाही. फुंकऱ्या वायर जोडून द्यायचा, स्टूल पुढे सरकवायचा आणि ते वाक्य म्हणायचा. मग तो कॉम्प्युटरकडे बघायचाच नाही, माणसाच्या हातांकडे बघायचा. आपण काय करतो ते आपल्याला ठाऊक नसतं, असं त्याचं मत होतं. तोंड गोष्ट रचतं, हात रचत नाहीत. एक बाई कॉम्प्युटर मधूनच बंद पडतो म्हणून पुन्हा पुन्हा यायच्या. फुंकऱ्याने त्यांना खुर्चीत बसवून नुसतं काम करायला सांगितलं. विचारात पडल्या की त्या डावा पाय हलवायच्या, आणि घरी नेमका त्या पायाशी प्लग होता.

फुंकऱ्या हे अर्थात त्याचं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने त्याला फक्त त्याची आई हाक मारायची, आणि ती गेल्यावर ते नाव वापरातून गेलं. तो सगळ्यावर फुंकर मारायचा. रॅम काढली की तिच्यावर, ती बसवायची त्या खाचेवर, स्क्रूवर, चष्म्यावर, बसण्याआधी स्टुलावर. गार झालेल्या चहावरसुद्धा. समोर किल्ल्या बनवणारा बसायचा. तो म्हणायचा, “दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. ह्याचं कशाने पोळलंय कोण जाणे, हा नळाचं पाणी फुंकून पितो.” फुंकऱ्या मान वर न करता म्हणायचा, “तू किल्ल्या कर. कुलपं वाट बघतायत.”

दुकान एका जिन्याखाली होतं. आत दोन माणसं मावायची, तिसरं आलं तर पहिल्याने बाहेर जायचं. भिंतीला एका बंद पडलेल्या औषधांच्या दुकानातून आणलेलं लहान लहान खणांचं कपाट होतं, आणि खणांवरच्या चिठ्ठ्या त्याने काढल्या नव्हत्या. ‘खोकला’ या खणात स्क्रू होते, ‘पोटदुखी’त वायरी, ‘ताप’मध्ये पंखे. हे त्याने गंमत म्हणून केलं नव्हतं. चिठ्ठ्या आधीच होत्या, जागा हाताला पाठ झाल्या, मग कशाला बदलायचं. आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. रस्त्यावरच्या घरांत जे जे यायचं ते ते शिकून घ्यायचा. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, “नमुना कुणी आणून दाखवला नाही.”

त्याची आई शेवटची काही वर्षं बहिरी होती. बहिऱ्या माणसाला घर शांत लागतं असं मला वाटायचं, पण तिला सारखी दारावर टकटक ऐकू यायची. स्वयंपाकघरातून ती ओरडायची, “आले, आले.” बाहेर कुणी नसायचं. फुंकऱ्या हातातलं काम ठेवून उठायचा, दार उघडायचा, रिकाम्या जिन्याकडे बघत थोडा वेळ उभा राहायचा आणि दार हळूच लावून घ्यायचा. मी एकदा म्हटलं, “सांगून का टाकत नाहीस तिला, कुणी नाही म्हणून?”

“तिने ओ दिलीय,” तो म्हणाला. “दार तरी उघडायला नको?”

मी त्याला ओळखत होतो तो माझ्या दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते शाळेत गणित शिकवायचे आणि घरी आल्यावर ताईच्या हाताखाली काम करायचे, असं ते स्वतःच सांगायचे. ताई एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचते. चौकटी दाजींच्या, शब्द ताईचे. काळी घरं कुठे पडायची ते दाजी ठरवायचे आणि ताई भांडायची, कारण नेमक्या तिच्या आवडत्या शब्दाच्या पोटात काळं घर यायचं. हे सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. कोडी आखायचा प्रोग्रॅमही तितकाच जुना. तो कुणी लिहिला ते कुणाला माहीत नव्हतं आणि नव्या कॉम्प्युटरवर तो काही केल्या उघडत नव्हता. म्हणून घरात बाकी सगळं बदललं, हे यंत्र राहिलं.

त्या यंत्राला एक खोड होती. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, गोळीच्या आकाराचा एक सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ आणि बाकीच्या बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवणं हे त्याचं काम. तो सेल संपला होता. त्यामुळे कॉम्प्युटर रोज सकाळी काहीच न आठवणाऱ्या माणसासारखा उठायचा, काळ्या पडद्यावर दोन ओळी दाखवायचा आणि थांबायचा. मला काही आठवत नाही, तरी पुढे जायचं असेल तर अमुक बटण दाबा, असा त्या ओळींचा अर्थ. दाजींनी त्याचं सोपं मराठी करून ठेवलं होतं. ते म्हणायचे, “तो विचारतो, पुढे जाऊ का? मी म्हणतो, जा.”

फुंकऱ्या रविवारी त्यांच्याकडे गप्पा मारायला यायचा. तो म्हणाला होता, “मास्तर, एवढासा सेल आहे. येताना घेऊन येतो, आत्ता बदलू. मग रोजचं अडणं नाही.”

“असू दे रे,” दाजी म्हणाले. “या घरात मला विचारून पुढे जाणारं हे एकच आहे.”

“ऐकू येतंय मला,” ताई आतून म्हणाली.

“बघ, तुझ्या वहिनीला ऐकू येतं. विचारायचं तेवढं राहून जातं.”

सेल बदलला गेला नाही. दाजी गेले. त्यानंतर ताईने त्यांची खुर्ची घेतली, खुर्चीवरची दबलेली उशी घेतली आणि चौकटीही स्वतःच आखायला लागली. मी विचारलं, “जमतं का?” तर म्हणाली, “काळी घरं आता मीच टाकते. भांडायला कुणी नाही, म्हणून चांगली पडत नाहीत.”

मग एका सकाळी कॉम्प्युटरमधून जळकट वास आला आणि तो बंद पडला. मी तो फुंकऱ्याकडे नेला. वायरी, कीबोर्ड, पडदा सगळं घरीच राहिलं, नुसती पेटी नेली. ते सगळं त्याच्याकडे होतंच. त्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि धुळीतून दाखवलं. मदरबोर्डवरची लहान लहान नळकांडी टाळूवर फुगली होती.

“हा गेला,” तो म्हणाला. “डिस्क शाबूत आहे. मदरबोर्ड दुसरा घालू. वहिनींचा प्रोग्रॅम डिस्कवर आहे, तो कुठे जात नाही.”

नवा मदरबोर्ड आला त्या दुपारी मी स्टुलावर बसून होतो. त्याने सगळं जोडलं, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरायला लागला, पडदा मात्र काळा.

“झालं की चालू,” मी म्हटलं.

“पंखा फिरतो म्हणजे श्वास चालू आहे. शुद्ध आलेली नाही.”

त्याने रॅम काढून घातली, पॉवरची दुसरी वायर तपासली. शुद्ध येईना. शेवटी त्याने अख्खा मदरबोर्ड पुन्हा उचलला आणि स्वतःशीच हसला. मदरबोर्ड पेटीच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळेच्या बुटक्या खुंट्या असतात. जुन्या मदरबोर्डाची एक खुंटी तशीच राहिली होती, आणि नव्याच्या पोटाला ती नको तिथे टोचत होती. त्याने ती काढली, फुंकली आणि ‘खोकला’ खणात टाकली. आता पडदा उजळला, पण त्यावर ओळ आली की डिस्कच सापडत नाही.

“सापडत कशी नाही? समोर तर आहे.”

“आहे. पण ही म्हातारी डिस्क जुन्या रीतीने हाक मारते, ह्या नव्याला त्या हाकेची ओळख नाही. ह्याला आत जाऊन सांगायचं, बाबा, अशी हाक आली की ती तुलाच.” त्याने सेटिंगचं पान उघडलं, जुनी रीत चालू केली. कॉम्प्युटर सुरू झाला. ताईचं अर्धवट कोडं, तिने सोडलं होतं तिथेच, पडद्यावर उभं राहिलं. आडवे सात, चार अक्षरी, रिकामं. मला इतकं बरं वाटलं की मी समोरच्या किल्लीवाल्यालाही चहा सांगितला.

संध्याकाळी आम्ही दोघांनी पेटी ताईकडे नेऊन जोडली. फुंकऱ्याने चालू करून दाखवला, बंद केला, आणि चहा न घेता गेला. दाजी गेल्यापासून तो त्या घरात फार वेळ बसत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. “अरे, तो उघडत नाही. निळसर पान येतं. आकडे आहेत, पंख्याचं चित्र आहे.”

फुंकऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, “सेटिंगचं पान. डिस्क सापडली नाही की कधी कधी तो तिथे जाऊन बसतो. नेताना वायर हलली असेल.” तो गेला, वायर काढून पुन्हा बसवली, बटण दाबलं. चालू. ताई ट्रे घेऊन आतून आली तोवर कोडं उघडलेलं होतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा निळसर पान. त्याने वायरच बदलली. चालू. पुन्हा सकाळी तेच. मग त्याने नव्या मदरबोर्डावरचा सेल बदलला, आणि पेटी दुकानात नेऊन मनासारखी तपासली. येता जाता बटण दाबायचा. एकदाही अडली नाही. परत आणली, आणि ताईने चालू केली की निळसर पान.

“तुम्ही मध्ये काही दाबता का, वहिनी?” त्याने फोनवर विचारलं.

“नाही हो भाऊजी. बटण दाबते, चष्मा लावते, वाट बघते. आणखी काय करणार?”

ती खरं तेच सांगत होती.

गंमत म्हणून सांगावी अशी ही गोष्ट होती, पण माझ्या भाचीच्या कानावर ती गेली तेव्हा गंमत राहिली नाही. भाची दुसऱ्या शहरात असते. आईची एकुलती एक. दाजी गेल्यापासून ती फोनवर आईचं बोलणं ऐकत नाही, आईचं बोलणं तपासते. दूध उतू गेलं, किल्ली दारालाच राहिली, एकच गोष्ट दोनदा सांगितली. हे तिने एकापुढे एक मांडून ठेवलं होतं. तिचं चुकत नव्हतं. तिच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी त्या मुलाला ‘तुमचं नाव काय’ विचारायच्या.

“मामा,” ती मला म्हणाली, “काकांनी बटण दाबलं की चालू होतो. तू दाबलंस की होतो. मागे मी आले होते तेव्हा मीही दाबलं, झाला. फक्त आईच्या हातून होत नाही. मशीनला काय माहीत कोणाचा हात आहे ते?”

मग तीच पुढे बोलायला लागली.

“मी रविवारी येतेय. आईला घेऊन जाते. थोडे दिवस म्हणून नाही, कायमची. आधी डॉक्टरांना दाखवू. खोली तयार आहे. तू तिच्या बाजूने बोलू नकोस, प्लीज.”

मी ताईकडे गेलो तेव्हा ती बंद पडद्यासमोर बसली होती. कोडं केलं नव्हतं. साप्ताहिकाला तिने कपाटातलं एक जुनं पाठवून दिलं होतं.

“आडवे सातला शब्द सुचला होता,” ती म्हणाली. “मग वाटलं, हा शब्द खरंच आहे का मी रचलाय? कोशात बघितलं. होता. पण बघावं लागलं रे.”

“सगळेच बघतात.”

“मी नाही बघत.” तिने कीबोर्डवरची धूळ पुसायला पदर ओढला आणि थांबली. “आठवतंय असं वाटणं आणि खरोखर आठवणं यात फरक असतो ना, तो कुठून कळतो? मला कळायचा. आता मी बटण दाबते आणि मला वाटतं मी सगळं बरोबर केलं. आणि समोर ते पान येतं.” मग हलक्या आवाजात म्हणाली, “तिकडे गेले तर ती मला काम करू देणार नाही. विश्रांती घे म्हणेल. प्रेमानेच म्हणेल.”

रविवारी भाची आली. तिने माळ्यावरून बॅग काढली आणि पुसायला घेतली. मी चप्पल घातली आणि दुकानाकडे गेलो.

फुंकऱ्या समोर काहीच नसलेल्या टेबलाशी बसला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मशीनमध्ये दोष नाही. मी सगळं बघितलंय.”

“मग दोष कोणात आहे? सांग ना. ती बॅग भरतेय.”

त्याने उगाच तळहातावर फुंकर मारली. समोरून किल्लीवाला म्हणाला, “जा की बाबा. तुझ्या फुंकरीने नाही झालं तर नाही झालं, तोंड तरी दाखव.” फुंकऱ्याने शटर ओढलं. अर्ध्या वाटेत, एका बंद पिठाच्या गिरणीपाशी, तो एकदम थांबला.

“मी वहिनींना चालू करताना बघितलंच नाही.”

“काय?”

“प्रत्येक वेळी मीच बटण दाबलं. त्या आत चहा करत होत्या. किंवा मीच त्यांना म्हटलं, तुम्ही बसा, मी करतो.” त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “अख्ख्या गावाला म्हणतो करून दाखवा. त्या घरात नाही म्हटलं. मास्तरांच्या खुर्चीत त्या बसलेल्या मला बघवत नाहीत रे.”

मग तो इतक्या भरभर चालायला लागला की मी मागे पडलो.

घरात बॅग पलंगावर उघडी होती. ताई तिच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती. भाचीचे डोळे लाल होते. तिचंही रडून झालं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

“काका, प्लीज, आता नका उघडू ती पेटी,” भाची म्हणाली. “नवा घेऊ आम्ही. तिकडे.”

“उघडत नाही,” तो म्हणाला. मग त्याने खुर्ची ओढली, उशीवर फुंकर मारली, आणि ताईला म्हणाला, “वहिनी, बसा. रोज सकाळी करता तसं. मला काही सांगू नका, करून दाखवा.”

“भाऊजी, नको. सगळ्यांसमोर कशाला?”

“सगळे तिकडे बघतील. मी एकटा बघतो.”

ताई बसली. मी आणि भाचीने खरंच खिडकीकडे तोंड केलं, पण काचेत सगळं दिसत होतं. ताईने खाली वाकून बटण दाबलं. पंखा घरघरला. तिचा उजवा हात चष्म्याच्या घराकडे गेला, झाकण उघडलं, चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. आणि ती चष्मा नीट करत असताना तिचा डावा हात, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, कीबोर्डच्या वरच्या ओळीकडे गेला. मधल्या बोटाने एक बटण हलकेच दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. झोपलेल्याच्या खांद्यावर थोपटावं तसं. मग तो हात मांडीवर परत आला. ताई पडद्याकडे बघत होती. निळसर पान आलं.

“बघा,” ती म्हणाली. “मी काय चुकले?”

 फुंकऱ्याने वाकून कीबोर्डकडे बघितलं. वरच्या ओळीतल्या सगळ्या बटणांवरची अक्षरं नवी होती. एका बटणाची तेवढी पुसून गेली होती, आणि ते तुळतुळीत झालं होतं. हा कीबोर्ड दुकानात कधी आलाच नव्हता.

“तुम्ही काही चुकला नाहीत,” तो म्हणाला. “मी चुकलो. वहिनी, जुना मदरबोर्ड रोज विचारायचा, आठवतं? सेल संपला होता म्हणून. पुढे जाऊ का.”

“हो. हे म्हणायचे, जा.”

“त्याला जा म्हणायचं बटण हे.” त्याने तुळतुळीत बटणाला हात न लावता दाखवलं. “नवा विचारत नाही. त्याला सगळं आठवतं. पण त्याच्याकडे ह्याच बटणाचा अर्थ वेगळा आहे. हे दाबलं की तो म्हणतो, बरं, यांना सेटिंगचं पान बघायचंय. आणि बिचारा दाखवतो.”

ताईने डावा हात वर करून स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

“पण मी दाबलंच नाही.”

“दाबलंत. तुम्हाला ते माहीत नाही. तो विचारायच्या आधीच तुम्ही उत्तर देता.”

भाची खिडकीकडून वळली. “म्हणजे काका, आई विसरत नाहीये?”

“विसरल्या असत्या तर पहिल्याच दिवशी चालू झाला असता.”

कुणी हसलं नाही. मग ताईच आधी हसली, आणि हसताना तिने तोंडावर तोच डावा हात ठेवला. भाची जमिनीवर, तिच्या पायाशी बसली आणि आईच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून म्हणाली, “अगं, मला काय वाटलं होतं.” ताई म्हणाली, “मला तेच वाटलं होतं. दोघींनी मिळून वाटून घेतलं असतं, तर अर्धं अर्धं आलं असतं.”

मग ताई सरळ झाली. “चला. आता नाही दाबायचं. सोपं आहे.”

तिने बटण दाबलं, चष्मा लावला, आणि हात गेला. निळसर पान. “थांबा, थांबा,” ती म्हणाली. पुन्हा. हात गेला. तिसऱ्या वेळी तिने डावा हात उजव्या हातात घट्ट धरून मांडीवर दाबून ठेवला, चष्मा तसाच टेबलावर राहिला, आणि कॉम्प्युटर सुरळीत चालू झाला. कोडं उघडलं. आडवे सात रिकामं.

“झालं,” भाची म्हणाली. “बघ, किती सोपं.”

“हो,” ताई म्हणाली. तिने हात सोडला नव्हता. धरलेल्या बोटांचा रंग गेला होता. “सोपंच आहे.” मग पडद्याकडेच बघत, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाली, “आता विचारत नाही तर.”

फुंकऱ्या तिच्या हातांकडे बघत होता. बाकी काही तो बघतच नव्हता. “जरा उठता का, वहिनी?” तो म्हणाला.

तो त्या खुर्चीत बसला. दाजी गेल्यावर ताईशिवाय पहिल्यांदाच कोणी त्या खुर्चीत बसलं होतं. त्याने ते निळसर पान मुद्दाम उघडलं, एका पानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला. मी जवळ जाऊन वाकलो.

“काय करतोयस?”

“कीबोर्ड बहिरा करतोय,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे मदरबोर्डाला सांगतोय, पूर्ण जाग येईपर्यंत कीबोर्डाकडे लक्ष द्यायचं नाही. कुणी काही दाबू दे. तू तुझा उठ.”

“मग तुला पुढे कधी सेटिंगमध्ये जायचं झालं तर?”

“माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे. पेटी उघडून सेल काढला की तो सगळं विसरतो.”

भाचीने ऐकलं असावं. ती म्हणाली, “काका, पण आईला न दाबायची सवय होईल की. आत्ता जमलं तिला.”

“होईल,” तो म्हणाला, आणि शेवटचं बटण दाबून ते पान बंद केलं. कॉम्प्युटर बंद झाला. तो उठला, उशी जागेवर सारखी केली, तिच्यावर या वेळी फुंकर मारली नाही. “बसा, वहिनी. सकाळी करता तसं. हात धरू नका.”

“पण मग ते पान—”

“करून दाखवा.”

ताईने वाकून बटण दाबलं. पंखा घरघरला. चष्म्याचं घर उघडलं, चष्मा डोळ्यांवर चढला. डावा हात वर गेला, आणि आता तिला तो जाताना दिसत होता, म्हणून तो वाटेत थबकला. तिने फुंकऱ्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. मधलं बोट त्या तुळतुळीत बटणावर टेकलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. मग हात मांडीवर आला. पडदा काळा राहिला, थोडा जास्तच वेळ, असं मला वाटलं. मग उजळला. कोडं उघडलं. काळी घरं, पांढरी घरं, आडवे सात.

ताई कोऱ्या चौकटींकडे बघत राहिली. मग तिने चार अक्षरं टाईप केली. शब्द बसला. खाली उभा जाणारा एक शब्दही त्याने आपोआप सुटला, आणि तिने नकळत बाजूला मान वळवली, कुणाशी तरी भांडण जिंकल्यासारखी. तिथे भाची उभी होती. भाचीने पलंगावरच्या बॅगेची चेन लावून टाकली. रिकामीच बॅग होती. तिने ती पलंगाखाली सरकवली.

फुंकऱ्याने वायरी गुंडाळल्या, स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला. भाची म्हणाली, “काका, चहा ठेवते.” त्याने हातानेच नको म्हटलं.

“भाऊजी,” ताईने पडद्यावरून नजर न काढता विचारलं. डावा हात अजून त्या बटणाशीच होता. “म्हणजे आता मी जा म्हटलं की त्याला ऐकू जातं ना?”

तो दारापर्यंत गेला होता. मी त्याच्याकडे बघितलं, भाचीनेही बघितलं. त्याने चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली. दार उघडलं. रिकाम्या जिन्याकडे बघत, कुणाला आत यायला वाट द्यावी तसा थोडा बाजूला सरून उभा राहिला, मग बाहेर पडला आणि दार हळूच ओढून घेतलं.